पावसाची शिक्षा आणि वचनाचा दुष्काळ

जगात कोठे महापूर आला, भूकंप झाला किंवा वणवा पेटला की दोन-चार दिवसांतच एका ठरावीक धाटणीचे संदेश आपल्या भ्रमणध्वनीवर येऊ लागतात. वर उद्ध्वस्त गावाचे छायाचित्र, खाली पवित्र शास्त्रातील एखादे वचन आणि शेवटी निष्कर्ष : या राष्ट्राने देवाची उपासना टाकली, म्हणून देवाने त्याचा न्याय केला. पाठवणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो. युरोपातील ओस पडलेली चर्चमंदिरे पाहून त्याला मनापासून वाईट वाटत असते आणि आपल्या मुलाबाळांनी तरी रविवारचा मिस्सा चुकवू नये, अशी त्याची तळमळ असते. तथापि संदेष्ट्यांनी खरोखर असे सांगितले आहे काय, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. तो घाईने झटकून टाकता येत नाही, कारण तसे एक वचन शास्त्रात आहे.

ते वचन जखऱ्याच्या ग्रंथाच्या चौदाव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात आहे. यरुशलेमवर चालून आलेल्या राष्ट्रांपैकी जे लोक उरतील ते वर्षानुवर्षे सेनाधीश परमेश्वराला, आपल्या राजाला, वंदन करण्यासाठी आणि मंडपांचा सण पाळण्यासाठी यरुशलेमला वर जातील, असे दर्शन संदेष्ट्याला घडते. पृथ्वीवरील ज्या कुळांचे लोक जाणार नाहीत त्यांच्यावर पाऊस पडणार नाही, असेही तो बजावतो. मिसर देशाचा तेथे स्वतंत्र उल्लेख आहे. मिसरची शेती पावसावर नव्हे, नाईल नदीच्या पुरावर चाले. त्यामुळे पाऊस थांबवण्याची शिक्षा मिसरी माणसाला शिक्षा वाटलीच नसती. त्याच्यासाठी मरीची तरतूद आहे. शिक्षेतील हा तपशील लक्षात ठेवावा. जखऱ्याला भूगोल चांगला ठाऊक होता.

पाऊसच का, हे समजण्यासाठी त्या सणाची वेळ पाहावी लागते. आपल्याकडे मृगाबरोबर पाऊस येतो. पॅलेस्टाइनमध्ये मे ते सप्टेंबर हा काळ जवळजवळ कोरडा असतो आणि आगोटीचा पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. मंडपांचा सण नेमका त्या संधीवर येतो. द्राक्षे व जैतुनाची सुगी घरात आलेली असते, टाक्यांतील पाणी तळाला गेलेले असते आणि पुढच्या पेरणीसाठी सर्वांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. पुढे मंदिराच्या अखेरच्या शतकांत या सणात शिलोहाच्या तळ्यातून सोन्याच्या पात्रात पाणी आणून ते वेदीवर ओतण्याचा विधी होत असे. थोडक्यात, हा सण म्हणजे पावसासाठी केलेली सामुदायिक याचना होती. जो याचनेला येणार नाही त्याला दान मिळणार नाही, इतका साधा तर्क त्या वचनात आहे.

आता हे कोण सांगतो आहे ते पाहू. जखऱ्याच्या ग्रंथाचे पहिले आठ अध्याय इ. स. पू. ५२० ते ५१८ या काळातील आहेत. नववा ते चौदावा हे अध्याय त्यानंतरच्या कुणा अज्ञात संदेष्ट्याचे असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यरुशलेमला परतलेले यहुदी त्या काळी परकीय साम्राज्याच्या एका कोपऱ्यातील मूठभर लोक होते. त्यांना राजा नव्हता, सैन्य नव्हते. ज्या राष्ट्रांनी त्यांचे मंदिर जाळले व त्यांना बंदिवासात नेले, तीच राष्ट्रे एक दिवस आपल्याबरोबर झावळ्यांच्या मंडपात बसून सण साजरा करतील, असे स्वप्न हा दुबळा समाज पाहतो आहे. शत्रूला आमंत्रणाच्या यादीत घालणारे हे वचन आहे. पावसाचा इशारा त्या आमंत्रणाला जोडून येतो.

शिवाय हा इशारा भविष्यकाळात दिलेला आहे. मागच्या वर्षी मिसरात किंवा बाबेलात जे संकट आले ते अमुक पापामुळे आले, असे जखऱ्या येथे म्हणत नाही. घडून गेलेल्या दुःखाचा पंचनामा आणि येणाऱ्या दिवसाचे पाचारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले संदेश पहिल्या गोष्टीसाठी दुसरीचा दाखला देतात.

मिसराविषयी शास्त्राचे म्हणणे एवढ्यावर संपतही नाही. यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मिसर देशात परमेश्वराची वेदी उभी राहील, परमेश्वर मिसरला तडाखा देईल व बरेही करील, असे सांगितले आहे. मिसरला स्वतःची प्रजा, अश्शूरला स्वतःच्या हातची कृती आणि इस्राएलला स्वतःचे वतन म्हणून परमेश्वर एकाच आशीर्वादात गोवतो, अशा वाक्याने तो अध्याय संपतो. मिसर म्हणजे दास्यत्वाचे घर आणि अश्शूर म्हणजे उत्तरेचे राज्य धुळीस मिळवणारी सत्ता, हे ध्यानी घेतले तर या वाक्याचे धाडस कळते. जखऱ्यातील मरीचे वचन पाठ असलेल्या किती जणांना हे वाक्य ठाऊक असते, अशी शंका येते.

राष्ट्रांचा न्याय हा विषय निघाला की खरे तर प्रथम आमोसकडे जायला हवे. इ. स. पू. आठव्या शतकातील हा तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या फळांची निगा राखणारा, उत्तरेकडील बेथेल येथे जाऊन उभा राहिला आणि त्याने शेजारच्या राष्ट्रांची एकेक करून झडती घेतली. दिमिष्कने गिलादच्या लोकांना लोखंडी यंत्रांनी धान्यासारखे मळले. गज्जाने अख्ख्या वस्त्या कैद करून अदोमाला विकल्या. सोरने बंधुत्वाचा करार विसरून तेच केले. अदोमाने तलवार घेऊन भावाचा पाठलाग केला. अम्मोनने आपली सीमा वाढवण्यासाठी गर्भवती स्त्रियांची पोटे फाडली. मवाबने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला.

या सहा आरोपपत्रांत एकाही राष्ट्रावर उपासना न केल्याचा आरोप नाही. यरुशलेमला आला नाहीत, शब्बाथ पाळला नाहीत, मूर्तींपुढे वाकलात, असे आमोस त्यांना म्हणत नाही. ज्यांना नियमशास्त्र मिळालेच नव्हते त्यांच्याकडे तो त्याचा हिशेब मागत नाही. माणूस माणसाशी कसा वागला, एवढाच हिशेब तो मागतो. मवाबचा अपराध तर इस्राएलविरुद्धही नव्हता. दोन परक्या राष्ट्रांमधील ती सूडाची गोष्ट होती. मेलेल्या शत्रूची विटंबना झाली, ती देवाने पाहिली.

सहा राष्ट्रे झाल्यावर आमोस वळतो तो यहुदाकडे, आणि मग इस्राएलकडे. बेथेलच्या श्रोत्यांनी तोवर बहुधा माना डोलावल्या असतील. येथे मात्र आरोपांची जात बदलते. परमेश्वराचे नियमशास्त्र धिक्कारल्याचा आरोप यहुदावर आहे. इस्राएलवरचा आरोप असा, की त्यांनी नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला एका जोड्यासाठी विकले, आणि गहाण घेतलेली वस्त्रे पसरून ते वेद्यांजवळ पहुडले. गरिबाचे पांघरूण आणि देवाची वेदी एकाच वाक्यात येतात. उपासनेविषयीची तक्रार संदेष्टे करतात, अतिशय तीव्रतेने करतात. पण ती ज्यांच्या घरात उपासना आहे त्यांच्याविरुद्ध करतात.

हाग्गयचेही तसेच. इ. स. पू. ५२० मध्ये तो लोकांना विचारतो, की मंदिर उजाड पडले असता तुम्ही तक्तपोशीच्या घरांत राहावे काय? पीक आले नाही, दव पडले नाही, हे तो त्या हेळसांडीशी जोडतो. पावसाचा आणि उपासनेचा संबंध जोडणारे हे दुसरे महत्त्वाचे वचन. परंतु हाग्गय बोलतो ते स्वतःच्या लोकांशी, स्वतःच्या दुष्काळात, स्वतःही त्याच कोरड्या रानात उभा राहून. दुसऱ्याच्या देशातील दुष्काळाचा अर्थ सांगण्यासाठी त्याने तोंड उघडलेले नाही.

आमोसच्या आठव्या अध्यायात उपासनेच्या उपेक्षेचे जे चित्र आहे ते आजच्या चर्चेच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यातील व्यापारी शब्बाथ मोडत नाहीत. ते तो पाळतात, पण चुळबुळत. सण कधी सरतो, शब्बाथ कधी संपतो, म्हणजे आम्हाला धान्याची कोठारे उघडता येतील, माप लहान व वजन मोठे करता येईल, गव्हाचा भुसा विकता येईल, हा विचार त्यांच्या डोक्यात चाललेला असतो. याच अध्यायात थोडे पुढे या लोकांसाठी अनेक शिक्षा येतात. त्यांतील एक अशी : देशात दुष्काळ येईल, पण तो अन्नाचा नव्हे आणि पाण्याचाही नव्हे, तो परमेश्वराचे वचन ऐकण्याचा दुष्काळ असेल. लोक समुद्रापासून समुद्रापर्यंत भटकतील, वचन शोधतील आणि त्यांना ते सापडणार नाही.

उपासनेच्या उपेक्षेला शोभणारी शिक्षा ती हीच. शलमोनाचा ज्ञानग्रंथ, जो आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे, अकराव्या अध्यायात म्हणतो, की मनुष्य ज्या गोष्टींनी पाप करतो त्याच गोष्टींनी त्याला शासन होते. वचन नकोसे झालेल्यांना वचन मिळेनासे होते. त्यासाठी आभाळ फाटावे लागत नाही.

आभाळाचा हिशेब मुळात या पद्धतीने जुळतच नाही. लातूरकडे पाहा. एप्रिल २०१६ मध्ये त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने नद्या शेतांतून वाहिल्या, उभे सोयाबीन सडले, मातीसुद्धा खरवडून गेली. या नऊ वर्षांत तेथील लोकांची भक्ती उणी झाली की अधिक? वारी चालूच होती, उरूस चालूच होते, आपल्या चर्चमंदिरांतील मिस्साही चालूच होता. उसाचे क्षेत्र, भूजलाचा उपसा, धरणांचे नियोजन, तापत चाललेला समुद्र आणि लहरी होत चाललेला मोसमी वारा यांचा विचार केल्याशिवाय या दोन चित्रांचा अर्थ लागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले होते. त्याच मार्गाने येथे काही हाती लागते.

युरोपातील दोन अलीकडचे पूर घेऊ. जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यासह जर्मनीत १८० हून अधिक माणसे बुडाली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमध्ये, मुख्यतः व्हॅलेन्सिया प्रांतात, दोनशेवीसहून अधिक लोकांचा अंत झाला. व्हॅलेन्सियात त्या दिवशी सकाळपासून हवामान खात्याचा सर्वोच्च इशारा होता, तरी नागरिकांच्या भ्रमणध्वनीवर धोक्याची सूचना गेली ती रात्री आठ वाजून गेल्यावर. तोवर अनेक गावांच्या रस्त्यांवर पाणी चढले होते आणि माणसे तळघरांतील मोटारी बाहेर काढण्याच्या नादात अडकली होती. लोकांचा संताप वर्षभर धुमसत राहिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील प्रादेशिक सरकारच्या प्रमुखांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. आमोस आज व्हॅलेन्सियात गेला असता, तर ती सूचना इतक्या उशिरा का दिली, असे त्याने आधी विचारले असते. रविवारी मिस्साला किती जण येतात, हा प्रश्न त्याने कदाचित आम्हा उपस्थितांसाठी राखून ठेवला असता.

उपासना टाकली म्हणून संकट आले, हे सूत्र उलट बाजूनेही तपासता येते. ज्यांनी ती टाकली नव्हती त्यांचे काय झाले? १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. लिस्बन शहरातील चर्चमंदिरे सकाळच्या मिस्सासाठी भरलेली असताना भूकंप झाला. छते उपासकांवर कोसळली, वेदीवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या आणि काही वेळाने समुद्र शहरात शिरला. हजारो माणसे मेली. वसईवरील पोर्तुगिजांची सत्ता त्यापूर्वी सोळा वर्षे, १७३९ मध्येच, संपली होती; गोव्याचा कारभार मात्र तेव्हाही लिस्बनहून चाले. ज्या येशूसंघाचे महाविद्यालय एके काळी वसईच्या किल्ल्यात होते, त्याच संघाच्या गॅब्रिएल मालाग्रिडा या वृद्ध धर्मगुरूंनी १७५६ मध्ये पुस्तिका लिहून ठामपणे सांगितले, की हा अनर्थ नैसर्गिक कारणांनी नव्हे तर लोकांच्या पापांमुळे ओढवला आहे. शहर उभारण्यात गुंतलेल्या पोंबाल या प्रधानाला ते मानवले नाही. मालाग्रिडांना आधी शहराबाहेर धाडण्यात आले आणि १७६१ मध्ये पाखंडाच्या आरोपाखाली त्यांना देहदंड झाला. हा दंड सत्तेचा सूड होता, यात शंका नाही. मात्र मिस्सा ऐकताना मेलेल्यांच्या नातलगांना त्यांच्या पुस्तिकेने काय दिलासा दिला असेल, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. २६ डिसेंबर २००४, नाताळचा दुसरा दिवस, रविवार. मुंबई, वसई आणि गोव्यातील कुटुंबे दरवर्षी जेथे नवस फेडायला जातात त्या वेलांकनीच्या किनाऱ्यावर त्या सकाळी त्सुनामी आली. मंदिरात असलेले भाविक वाचले आणि अनेकांनी त्याबद्दल आरोग्यमातेचे आभार मानले, ते योग्यच होते. पण किनाऱ्यावर वाहून गेलेले यात्रेकरूही प्रार्थनेसाठीच तेथे आले होते. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत कोळी होते, हिंदू होते, मुसलमान होते, आपले ख्रिस्ती बांधव होते. त्या वाळूवर उभे राहून कोणी कोणत्या राष्ट्राच्या न्यायाचे वचन वाचून दाखवावे?

हा वाद आपल्या देशाला नवा नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा हे अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त आहे, असे महात्मा गांधी जाहीरपणे म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांना ते पटले नाही. भौतिक आपत्तीचे कारण भौतिकच असते, असा त्यांचा आक्षेप होता. गांधींनी तो आक्षेप फेब्रुवारीत 'हरिजन'मध्ये छापला आणि त्याला उत्तरही दिले. त्या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे, कारण बिहारमधील ढिगाऱ्यांखाली अस्पृश्यही गाडले गेले होते. तरी गांधींच्या बोलण्यात संदेष्ट्यांचा एक अंश होता, तो नाकारता येत नाही. त्यांनी बोट दाखवले ते स्वतःच्या समाजाकडे.

येशूसमोर हाच प्रश्न आला होता. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काही जण त्याला बातमी देतात, की पिलाताने गालीलकरांचे रक्त त्यांच्याच यज्ञबलीत मिसळले. म्हणजे ही माणसे उपासना करतानाच मारली गेली होती. येशू त्या बातमीला स्वतःहून दुसरी जोडतो, शिलोहातील बुरूज अंगावर पडून मेलेल्या अठरा जणांची. एक राज्यकर्त्याचा अत्याचार, दुसरा अपघात. ते लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते असे समजू नका, असे दोन्ही प्रसंगांविषयी तो स्पष्ट सांगतो आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून पश्चात्तापाची मागणी करतो. न्यायाचा विषय तो टाळत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात मेलेल्यांना उभे करायला मात्र तो तयार नाही. शुभवर्तमानातील हा उतारा उपासकाळाच्या तिसऱ्या रविवारी दर तीन वर्षांनी वाचला जातो. २३ मार्च २०२५ रोजी तो आपण ऐकला. त्याआधी ७ मार्च २०१० रोजी, हैतीचा भूकंप होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी याच उताऱ्यावर बोलताना संकटांना व्यक्तिगत पापांचे थेट फळ मानणाऱ्या दृष्टीपासून दूर राहण्यास सांगितले होते. हैतीत पोर्तोप्रिन्सचे कॅथेड्रल कोसळले होते आणि तेथील आर्चबिशपही त्या भूकंपात मरण पावले होते. हैतीच्या लोकांनी पूर्वजांच्या काळी सैतानाशी करार केला होता, असे एका अमेरिकन दूरचित्रवाणी प्रवचनकाराने भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितले होते, हे वाचकांना आठवत असेल.

मग युरोपातील ओस चर्चमंदिरांचे काय? तेथे काहीच बिघडलेले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जर्मनीत २०२२ या एका वर्षात ५,२२,८२१ कॅथलिकांनी रीतसर ख्रिस्तसभा सोडली. २०२३ मध्ये हा आकडा ४,०२,६९४ आणि २०२४ मध्ये ३,२१,६११ होता. तेथे चर्चसाठीचा कर सरकार वसूल करते आणि सोडणाऱ्याला शासकीय कचेरीत नोंद करावी लागते, म्हणून हे आकडे इतके नेमके मिळतात. जे उरले त्यांपैकी सात टक्क्यांहूनही कमी लोक रविवारच्या मिस्साला जातात. डब्लिनमध्ये १८५९ साली स्थापन झालेले धर्मप्रांताचे गुरुविद्यालय २००१ मध्ये बंद झाले. धर्मग्राम एकमेकांत विलीन होतात आणि अनेक ठिकाणी भारतातून गेलेले धर्मगुरू वेदीवर उभे असतात. आमोसने सांगितलेला वचनाचा दुष्काळ कसा दिसतो, ते येथे पाहावे.

हा दुष्काळ कोणी आणला? लोकांनी, असे चटकन म्हटले जाते. चैन आणि उपभोग यांनी देव विसरायला लावला, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पण जर्मनीच्या बिशपांनीच करवून घेतलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९४६ ते २०१४ या काळातील लैंगिक अत्याचाराचे ३,६७७ बळी आणि १,६७० आरोपी धर्मसेवक नोंदलेले आहेत. म्युनिक धर्मप्रांताविषयीचा अहवाल जानेवारी २०२२ मध्ये आला आणि त्याच वर्षी सोडून जाणाऱ्यांचा आकडा आजवरच्या सर्वोच्च बिंदूला पोहोचला. आयर्लंडमध्ये २००९ साली आलेल्या दोन अहवालांनी काय केले, ते तेथील रिकामे बाक सांगतात. लेकरांवर अन्याय करणाऱ्यांना झाकून ठेवायचे आणि लोक वेदीपाशी येत नाहीत म्हणून त्यांच्यावर देवाच्या न्यायाची भाषा वापरायची, याला यिर्मयाने काय म्हटले असते ते त्याच्या सातव्या अध्यायात, मंदिराच्या दारात त्याने केलेल्या प्रवचनात, वाचता येते. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो, असे पेत्राच्या पहिल्या पत्रातही आहे. फ्रान्सविषयी हे सारे खरे असताना तेथेच २०२५ च्या ईस्टरला १०,३८४ प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. आदल्या वर्षी ती संख्या ७,१३५ होती. वचन शोधत भटकणारे हे लोक कोठून आले, याचा अभ्यास अजून चालू आहे. भूकंपाच्या धाकाने ते आले, असे मात्र कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या बाबतीत या संदेशांचा धोका अधिक मोठा आहे. आपण महाराष्ट्रात राहतो. पूर आला की आपल्या शेजारच्या घरातही तेच पाणी शिरते, आणि त्या शेजाऱ्याचा देव्हारा वेगळा असतो. तो बुडाला तर तो त्याच्या अनुपासनेमुळे आणि आपण बुडालो तर ती परीक्षा, असा दुहेरी हिशेब ठेवणाऱ्याला त्या शेजाऱ्याच्या दारात मदत घेऊन जाता येणार नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ पाण्याखाली असताना त्या आपत्तीचा संबंध सबरीमाला प्रकरणाशी जोडणारी विधाने झाली, तेव्हा आपल्यालाही ती बोचली होती. त्याच पुरात किनाऱ्यावरील मच्छीमार, ज्यांत कॅथलिक पुष्कळ होते, आपल्या होड्या ट्रकांवर चढवून आत गेले आणि छपरांवर अडकलेल्यांना उतरवू लागले. कोणाच्या छपरावर कोणते चिन्ह आहे, हे त्यांनी पाहिले नाही.

पावसासाठी प्रार्थना करू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. रोमन मिस्सा-ग्रंथात पावसासाठी स्वतंत्र प्रार्थना आहेत, आणि मृग कोरडा गेला की आपल्या धर्मग्रामांत त्या म्हटल्या जातात, म्हटल्या जाव्यात. मागणाऱ्याने हात पसरावेत. नीतिमान आणि अनीतिमान या दोघांवर पाऊस पाडणारा पिता, असे डोंगरावरील प्रवचनात येशू ज्याचे वर्णन करतो, त्याच्याकडेच हे मागणे असते. म्हणून शेजाऱ्याच्या शेतासाठीही ते असते.

रविवारच्या उपासनेची हेळसांड हा आपलाही प्रश्न आहे आणि आमोसच्या आठव्या अध्यायात त्याचे निदान जवळजवळ तंतोतंत सापडते. रविवारी सकाळच्या शिकवण्या, रविवारी चालू राहणारी बांधकामे, दुकानातील पोऱ्याला सुट्टी न देता स्वतः मिस्साला येणारा मालक, प्रवचन चालू असताना खिशातील भ्रमणध्वनीवर भाव पाहणारा हात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ मध्ये 'दिएस दोमिनी' हे पत्र लिहून प्रभूच्या दिवसाचे महत्त्व सांगितले. अनुवादाच्या ग्रंथात शब्बाथाची आज्ञा देताना दास व दासी यांनाही विसावा मिळावा, हे कारण स्पष्टपणे दिलेले आहे. घरी काम करणाऱ्या बाईला रविवारी सुट्टी असते का, हा प्रश्न त्या आज्ञेच्या आतलाच आहे.

जखऱ्याचा चौदावा अध्याय पाठवणारे सहसा एकोणिसाव्या ओवीपाशी थांबतात. पुढे आणखी दोन ओव्या आहेत. त्या दिवशी घोड्यांच्या घंटांवर, एरवी केवळ महायाजकाच्या शिरोभूषणावर असे ते परमेश्वराच्या पवित्रतेचे शब्द कोरलेले असतील. यरुशलेममधील आणि यहुदातील प्रत्येक घरातले शिजवण्याचे भांडे मंदिरातील पात्राइतकेच पवित्र असेल आणि यज्ञ करायला आलेले लोक ती साधी भांडी उचलून त्यांतच शिजवतील. आणि सेनाधीश परमेश्वराच्या मंदिरात त्यानंतर एकही व्यापारी राहणार नाही.